चाकरमानी, पाहुणा, गिऱ्हाईक : किनाऱ्याने पाहिलेले पर्यटन

शुक्रवारी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या कोणत्याही चौकात घटकाभर उभे राहिले, तर सामान घेऊन गाडीची वाट पाहणारी दोन-चार कुटुंबे हमखास दिसतात. कुठे निघालात, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘कोकणात, दोन दिवस.’ ताम्हिणी घाट उतरून माणगाव-म्हसळ्यावरून दिवेआगर किंवा श्रीवर्धन गाठायला चार-पाच तास पुरतात. रविवारी रात्री हीच मंडळी आंबापोळी, कोकम आणि चपलांतली वाळू घेऊन परततात. आम्ही स्वतः याच मंडळींपैकी आहोत, हे आरंभीच सांगितलेले बरे. या प्रवासाविषयी मराठीत उदंड लिहिले गेले आहे. पण त्यातले बहुतेक लेखन जाणाऱ्याचे आहे. ज्याच्या अंगणात गाडी थांबते तो या येण्याकडे कसा पाहतो, हा प्रश्न आपल्या वाङ्मयीन चर्चेत क्वचितच येतो. त्या पाहण्याचा इतिहास थोडक्यात मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इतिहास म्हणण्याचे कारण असे की, बाहेरून येणारा माणूस किनाऱ्याला नवा नाही. त्याच्याशी असलेले नाते मात्र बदलत गेले आहे, आणि आजचे बरेवाईट मत त्या बदलाच्या स्मरणातून तयार झालेले आहे.

सदाशिव पेठेला नाव पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे. भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे. सिद्दीच्या मुलखातली देशमुखी सोडून बाळाजी विश्वनाथ घाटावर आले, आणि वेळासच्या भानू घराण्यानेही त्यांच्याबरोबर गाव सोडले. त्याच भानूंच्या वंशात पुढे नाना फडणीस झाले आणि त्यांनी या पेठेत पाणी आणून हौद बांधला. पेठेच्या नावात श्रीवर्धन आहे आणि पाण्यात वेळास आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली. घाट चढून येणारी रीघ संपली नाही. मुरूडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत सहावीच्या परीक्षेसाठी दापोलीकडून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवीत पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ही हकिकत जिद्दीचा धडा म्हणून सांगितली जाते. तिच्यातली दुसरी गोष्ट आपण सहसा ऐकत नाही : किनाऱ्यावर त्या काळी शिक्षण नव्हते, पोटापुरते पिकत नव्हते, आणि हुशार मुलाला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे मुंबईत स्थिरावल्यावर याच कर्व्यांनी गावासाठी ‘मुरूड फंड’ उभारला. बाहेर गेलेल्याने गावाकडे काहीतरी पाठवायचे असते, ही त्या काळची रीत होती.

मुंबईच्या गिरण्या आणि कचेऱ्या वाढल्या तशी ही रीत सर्व जातीपातींत पसरली. कुणबी, मराठा, भंडारी, महार, गाबीत अशा सगळ्याच समाजांतले कर्ते पुरुष मुंबईला गेले आणि घरे मनीऑर्डरीवर चालू लागली. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात परतणारा तो चाकरमानी. तो आगबोटीने येई. बोट खोल पाण्यात थांबे आणि पडावातून उतारू किनाऱ्याला लागत. हा प्रवास सुखाचा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत ती आठवण अजून सांगितली जाते. चाकरमान्याविषयी गावात थट्टा होती, थोडी असूयाही होती, पण त्याच्या येण्याची किंमत कोणी मोजत नसे. त्याचे घर गावात होते, देवळात मान होता आणि भाऊबंदकीत वाटा होता. त्याच्याबरोबर कधी एखादा शहरी स्नेही आला तर तो पाहुणा. पाहुण्याला कोणाच्या तरी नावाने ओळखले जाई : अमक्याचा मेहुणा, तमक्याच्या कचेरीतले साहेब.

आपल्या कोकणविषयक साहित्याचा मोठा भाग या काळात रचला गेला. श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ १९५२ चा, जयवंत दळवींचे आरवलीवरचे ‘सारे प्रवासी घडीचे’ १९६४ चे. हे लेखक स्वतः बाहेर गेलेले आणि मनाने परतणारे होते. म्हणून त्यांच्या लेखनात माणसे भरपूर आहेत आणि निसर्ग माणसांच्या मागे उभा आहे. पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा तर बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला न्याहाळणारा, त्याचे मोठेपण दोन वाक्यांत उतरवणारा माणूस. किनारा आपल्याकडे कसा पाहतो याचा मराठीतला हा सर्वांत परिचित पुरावा. आपण त्याला विनोदी व्यक्तिचित्र म्हणून वाचत आलो. त्याच्या तिरकस बोलण्यामागे गावात मागे राहिलेल्याचा हिशेब आहे, इकडे आपले लक्ष कमी गेले.

या जगात मोठा पालट झाला तो १९९१ ते १९९८ या सात-आठ वर्षांत. फेब्रुवारी १९९१ मध्ये केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध आले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिवेआगरला एका सुपारीच्या वाडीत काम चालू असताना पेटी सापडली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. या चार घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. परिणाम मात्र एकच झाला : ज्याचे गावात कोणी नाही असा माणूस मोठ्या संख्येने किनाऱ्यावर येऊ लागला.

दिवेआगरचे उदाहरण घेऊ. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारी पाखाडी, वाडीच्या टोकाला सुरूचे बन आणि पलीकडे समुद्र. मुखवट्याच्या दर्शनाला लोक येऊ लागले. त्यांना जेवण हवे होते. ते घरातल्या बाईने रांधले. रात्री राहायचे होते. माजघरालगतची खोली रिकामी करून दिली. पुढे पडवीला भिंत आली, मागील दारी दोन खोल्या उठल्या, आणि ‘घरगुती निवास व भोजनाची सोय’ अशी पाटी लागली. या पाटीतला ‘घरगुती’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. गिऱ्हाईक आलेले आहे, पण त्याला पाहुणा म्हणूनच वागवायचे आहे, अशी ती तडजोड. उकडीचे मोदक पैसे घेऊन वाढायचे, पण आग्रह करूनच वाढायचे. ज्या घरातला मुलगा मुंबईस गेला असता तो या उत्पन्नावर घरी राहिला, ही गोष्ट किनाऱ्यावरची माणसे आधी सांगतात, आणि ती खरी आहे. दीडशे वर्षांत मनीऑर्डरीने जे जमले नाही ते दोन खोल्यांनी काही घरांपुरते साधले. या उत्पन्नाचा भार मात्र मुख्यतः घरातल्या स्त्रीवर पडला. पूर्वी वर्षातून चारदा होणारी पाहुण्यांची सरबराई आता दर शनिवारी होऊ लागली.

मार्च २०१२ मध्ये तो मुखवटा चोरीस गेला आणि देवळाचे दोन रखवालदार दरोडेखोरांच्या हातून मारले गेले. मुखवटा २०२१ मध्ये पुन्हा स्थापित झाला. मधल्या काळात, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे नवे झाड फळाला यायला पाच-सहा वर्षे तरी जातात. त्या वर्षी महामारीमुळे खोल्याही रिकाम्या होत्या. वाडी आणि गिऱ्हाईक असे दोन्ही आधार एकाच वेळी तुटण्याचा तो अनुभव होता. पर्यटनाविषयी किनाऱ्याच्या बोलण्यात जो सावधपणा आढळतो त्याचे मूळ अशा अनुभवांत आहे.

हा झाला घराचा प्रश्न. जमिनीच्या प्रश्नावर किनारा अधिक कडवटपणे बोलतो. कोकणातल्या कुळाला जमिनीचा हक्क फुकट मिळालेला नाही. अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोती-सावकारीविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी संप चालवला. जमीन ओस ठेवली, लाकूडफाटा विकून पोट भरले, पण खोताचे शेत कसले नाही. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन कुळांच्या मालकीचा आरंभ ठरला. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ने (१९८७) खोताच्या घराण्याचा ऱ्हास चितारला, कुळाच्या बाजूचा इतिहास मात्र प्रामुख्याने चळवळीच्या नोंदींतच राहिला. त्याच अलिबाग तालुक्यात आज मुंबईकरांचे बंगले आणि त्यांची उंच कुंपणे आहेत. आजोबांनी सहा वर्षे उपास काढून मिळवलेल्या हक्काची जमीन नातवाने विकली आणि त्याच कुंपणाच्या फाटकावर तो राखणदार झाला, असे चित्र जेथे दिसते तेथे माणसे त्याला पर्यटनाचा विकास म्हणत नाहीत. त्यांना खोती परत आल्यासारखे वाटते.

शिरोड्याचे उदाहरण याच जातीचे आहे. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत ज्या गावात शिक्षक होते, जेथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, त्या शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेलासाठी १९९० नंतरच्या दशकात जमीन संपादित झाली. स्थानिकांनी विरोध केला, आणि पुढची वीसहून अधिक वर्षे तो प्रकल्प रखडला. याला विकासविरोध म्हणणे सोपे आहे. परंतु याच किनारपट्टीवरच्या गावांनी घराघरांतून निवासाची सोय करायला कधी विरोध केला नाही. येणाऱ्याचे यजमानपण कोणाकडे राहणार, हा त्यांच्या वादाचा मुद्दा होता.

कायद्याकडेही किनारा याच नजरेने पाहतो. १९९१ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरले, तर २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात पर्यटकांसाठी हॉटेले अटींसह अनुज्ञेय राहिली. हेतू निसर्गरक्षणाचा होता. परंतु जुनी घरे आणि वाड्या समुद्राला लागूनच असल्यामुळे पिढीजात रहिवासी पहिल्या पट्ट्यात सापडला आणि भांडवल घेऊन येणाऱ्याला दुसरा पट्टा मोकळा राहिला. २०११ आणि २०१९ मध्ये नवे नियम आले. २०१९ च्या नियमांनी दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ही २०० मीटरची मर्यादा ५० मीटरवर आणली. मर्यादा सैल झाल्याचा लाभ गावकऱ्याला होईल की त्याची जमीन मागणाऱ्याला, ही शंका मात्र मिटलेली नाही.

आणि समुद्र? शेतकऱ्याची जमीन सातबाऱ्यावर असते. मच्छीमाराचा किनारा कोणत्याच उताऱ्यावर नसतो. रापण ओढायला लांब मोकळी वाळू लागते, मासळी वाळवायला खळे लागते, होडी ओढून ठेवायला जागा लागते. येणाऱ्याला हीच वाळू मोकळी, आणि मासळीचा वास नसलेली, हवी असते. मालवणच्या समुद्रात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले तेव्हा मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला. आपल्याच पाण्यात आपण उपरे ठरू, ही त्यांची भीती होती. पुढे तारकर्ली-देवबागच्या त्याच समाजातली तरुण मुले पर्यटकांना समुद्रतळ दाखवण्याच्या धंद्यात उतरली. पर्ससीन जाळ्यांनी मासळी ओरबाडली जात असताना हा धंदा त्यांना आधार वाटला, यात नवल नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोन माणसे गेली, तेव्हा या धंद्यात नियम आणि जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही समोर आला. एकाच घरात वडील रापणीचे आणि मुलगा पर्यटकांचा, अशा ठिकाणी पर्यटनाविषयी ‘स्थानिकांचे मत’ एकवचनात कसे सांगायचे?

शेजारच्या गोव्याने या प्रवासाची पुढची पायरी आधी पाहिली. तेथे परदेशी पर्यटकांची खास विमाने उतरू लागली आणि १९८७ मध्ये ‘जागृत गोंयकारांची फौज’ या गटाने त्यांच्या बसगाड्यांवर शेण फेकून निषेध केला. त्याआधीच्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध लढा दिला होता; किनारा कोणाचा हा प्रश्न त्या लढ्याने तेथे जागा केलेला होता. म्हणूनच सिंधुदुर्गात ‘आपला गोवा व्हावा’ आणि ‘आपला गोवा होऊ नये’ ही दोन्ही वाक्ये ऐकू येतात, आणि कित्येकदा एकाच तोंडून.

पर्यटनाच्या अभ्यासकांना या मतांची संगती लावण्याचा मोह झाला, हे स्वाभाविक आहे. जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्ये एक मापदंड सुचवला : रहिवाशांची वृत्ती हर्षापासून उदासीनतेकडे, तेथून चिडीकडे आणि अखेर वैराकडे जाते. क्रम सुबोध आहे, पण कोकणावर तो बसत नाही. येथे एकाच गावात या चारही अवस्था एकाच रविवारी सापडतात. समुद्रालगत वाडी असलेला हर्षात असतो. आत डोंगराच्या पायथ्याशी वरकस जमीन असलेला कुणबी उदासीन, कारण त्याच्या दारापर्यंत गाडी जात नाही. विहिरीचे पाणी मे महिन्यात खारट झालेला चिडलेला. आणि ज्याची जमीन गेली तो वैरी. येणाऱ्यांची संख्या आणि वर्षे मोजून हे कळत नाही. जमीन, जात, आणि घराचे समुद्रापासूनचे अंतर मोजावे लागते.

साहित्याच्या अंगाने पाहता येथे एका पुस्तकाची आठवण होते. जमैका किंकेड यांनी ‘अ स्मॉल प्लेस’ (१९८८) या छोट्या पुस्तकात अँटिग्वा बेटावर येणाऱ्या पर्यटकाला थेट ‘तू’ म्हणून संबोधले आणि त्याला विमानतळापासून हॉटेलपर्यंत नेऊन, तो काय पाहत नाही ते दाखवले. किंकेड स्वतः तरुणपणी बेट सोडून अमेरिकेला गेलेल्या, म्हणजे आपल्या भाषेत चाकरमानीच. असे पुस्तक मराठीत आमच्या वाचनात नाही. त्याचे एक कारण कदाचित असे असेल की आपला पर्यटक पूर्ण परका नाही. सदाशिव पेठेतून दिवेआगरला जाणाऱ्याच्या मनात आपण मूळचे तिकडचेच, ही भावना असते. कुलदैवत तिकडचे, आडनावही तिकडचे. या भावनेत प्रेम आहे, पण तिच्यामुळे एक सोयही होते. पैसे देताना आपण गिऱ्हाईक असतो. पाणी जपून वापरा, रात्री मोठ्याने गाणी लावू नका, असे कोणी सांगितले की आपण घरचे होतो. नात्याचा हक्क सांगायचा आणि नात्याचे कर्तव्य खोलीच्या भाड्यात जमा धरायचे, ही आपली पद्धत किनाऱ्याला चांगली ठाऊक आहे. ती तोंडावर बोलून दाखवली जात नाही. पाहुण्याला तसे बोलू नये, हा संस्कार अजून टिकून आहे.

नाना फडणिसांच्या वेळासची हकिकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. बाणकोटच्या खाडीजवळच्या या गावी ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालायला येतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने ती अंडी जपायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली. त्यांची उतरण्याची सोय गावातल्या घरांतून झाली. माजघरात अंथरूण, केळीच्या पानावर जेवण, आणि पहाटे किनाऱ्यावर गावकरी सांगतील तेथे, दोरीच्या अलीकडे उभे राहायचे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला २०१७ मध्ये राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले, आणि या कामाचे नाव दूरवर गेले. वेळासला आदर्श ठरवण्याचा आमचा हेतू नाही. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, लाभ ज्यांच्याकडे खोली आहे त्यांनाच, आणि गर्दी वाढली की कासवालाही त्रास. तरी येथे एक गोष्ट स्पष्ट दिसते : दोरी कोठे बांधायची हे गाव ठरवते. जेथे हे ठरवणे गावाकडे राहते तेथे किनारा येणाऱ्याकडे पाहुणा म्हणून पाहतो, पैसे घेऊनसुद्धा. जेथे ते हातून जाते, तेथे कितीही उत्पन्न आले तरी मनात अढी बसते.

नाना फडणिसांच्या घराण्याने वेळास सोडले, त्यांनी आणलेले पाणी पेठेने पिढ्यान्‌पिढ्या प्याले, आणि आता पेठेतली माणसे वेळासला जाऊन पंखा कमी फिरतो अशी तक्रार करतात. कोकणात जाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही जाणारच आहोत. खोली ठरवताना भाडे आणि समुद्राचे अंतर आपण विचारतोच. त्याच बरोबर घर कोणाचे, वाडी अजून घरच्यांच्या नावावर आहे का, आणि मे महिन्यात विहिरीला पाणी किती असते, एवढेही विचारायला हरकत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांवर आणखी एक काम आहे. कोकणावरची आपली आवडती पुस्तके आता पडवीत बसलेल्या माणसाच्या बाजूने पुन्हा वाचावीत. गाडी फाटकाशी थांबल्यावर तो उठून पुढे येतो, हसून बॅग हातात घेतो. त्या आधीच्या क्षणी तो आपल्याकडे कसा पाहत होता, ते वाचता आले पाहिजे.